न घेतलेल्या चार गोळ्या

४ नोव्हेंबर
बोईसरच्या बाजारात सुरमई कापत होते. मनगटावरचं घड्याळ थरथरलं. लेकीने, मनीषाने, हौसेने दिलेलं. ठोके अनियमित, डॉक्टरांना दाखवा, असं काहीतरी. आठवड्यात तिसऱ्यांदा. गिऱ्हाईक उभं होतं, तुकडे करून दिले. दुखत तर काहीच नाही.

७ नोव्हें.
मनीषाने कंपनीत रजा टाकली, पालघरला नेलं. ईसीजी. डॉ. म्हणाले, "घड्याळ नुसता इशारा देतं. पण खरा निघाला." हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात. गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. माझ्या आईचं अर्धं अंग असंच एका दुपारी गेलं. रडू येईलसं वाटलं. नाही आलं.
रक्त पातळ करायची गोळी, सकाळ-संध्या. तीन आठवडे एकही चुकवायची नाही. मग भूल देऊन शॉक, ठोके ताळ्यावर आणायला.

१३ नोव्हें.
शिंगाळा मासा साफ करताना त्याचा काटा अंगठ्यात गेला. नेहमीचंच. पण रक्त थांबेना. अर्धा तास फडकं दाबून बसले, गिऱ्हाइकं शेजारणीकडे गेली.
घरी हे जाळं शिवत होते. अंगठा बघून म्हणाले, "दोन दिस गोली नको खाव. भरू दे जखम."

१४
गोळी नाही.

१५
नाही. घड्याळ दोनदा थरथरलं. काढून डब्यात ठेवलं.
मनीषाचा फोन. "आय, गोल्या चालू हायेत ना?"
"हायेत."

१६
परत सुरू.

२८ नोव्हें.
शॉकसाठी पालघर. उपाशीपोटी. खाटेवर निजवलं, छातीला पट्ट्या चिकटवल्या. सिस्टरने कागद बघून विचारलं, "एकही गोळी चुकली नाही ना?"
माझ्याआधी मनीषाच बोलली, "नाही, एक पण नाही."
सिस्टर लिहायला लागली.
मी म्हटलं, "चुकल्या. चार."
डॉ. रागावले नाहीत. "सांगितलंत ते बरं. आत गुठळी असती आणि शॉक दिला असता तर…" पट्ट्या काढल्या. पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे.
रिक्षाने परत. घरी, नवापूरला उतरल्यावर मनीषा म्हणाली, "माझ्याशी खोटं बोललीस."
"हो," म्हटलं.

२९
सकाळची गोळी घेतली. हे बाजारात आले, सुरी हातातून काढून घेतली. "तू विक. मी कापतो." पुरुषमाणूस मासळीच्या पाटीमागे बसलेला बघून बायका हसल्या. ह्यांनी पापलेटांचं वाटोळं केलं. मी बघत बसले.
मनीषाचा फोन नाही. दुपारी मीच लावला. पूर्ण रिंग वाजली.