वर्षअखेरपर्यंत एकाच पत्त्यावर

९ ऑक्टोबर

हिने आज सांगितलं. भांडण नाही, रडारड नाही. मी कामावरून येऊन बूट काढत होतो. एक पाय बुटात, एक बाहेर. म्हणाली, "मला दुसऱ्या शहरात नोकरी मिळालीय. चष्म्याचंच दुकान, पण इथल्यापेक्षा मोठं. मी जाणार आहे."

मी म्हटलं, जा की. शनिवार-रविवार ये-जा करशील.

"नाही हो. येणार नाहीये."

तसाच बसलो, एका बुटात. मग कारण विचारलं. म्हणाली, "तुमच्याशी बोलायचं तर आधी घरातलं काहीतरी बंद पडावं लागतं. मी काही बंद पडत नाही. हीच माझी चूक."

दुसरा बूट काढला. या परक्या देशात आलो तेव्हा इथली भाषा येत नव्हती. दुसऱ्याच्या वर्कशॉपमध्ये पाने-पकडी पुसत होतो. आज शहरातल्या निम्म्या हॉटेलांचे फ्रिज आणि शीतखोल्या माझ्या भरवशावर चालतात. बोलून धंदा उभा केला. आणि घरात तोंडाला कुलूप.

१० ऑक्टोबर

सकाळी चहा घेताना बोललो. म्हटलं, जायचंच असेल तर जा, पण वर्ष संपेपर्यंत थांब. घाई केलीस तर नुकसान.

मग सगळं समजावून सांगितलं. इथला नियमच तसा आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी नवरा-बायको एकाच पत्त्यावर नोंदलेले असले तरच दोघांचं विवरणपत्र एकत्र भरता येतं, आणि कर चांगला खाली येतो. शिवाय तिचा विमा माझ्या धंद्याच्या विम्यात. मायदेशातल्या बँकेतली ठेव दोघांच्या नावावर. नव्या जागेची अनामत द्यावी लागेल ती वेगळीच. "दोघांचाही फायदा आहे," म्हटलं.

हॉटेलवाल्यांना वर्षाचं देखभालीचं कंत्राट विकताना जो आवाज लावतो, तोच लागला. माझा मलाच ऐकू आला.

ही चमचा ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती. "बघते," म्हणाली.

फायदा गेला खड्ड्यात. इथे कोणी वाचणारं नाही म्हणून लिहितो – मला नुसता वेळ हवाय. तीन महिन्यांत माणूस बदलू शकतं. 'थांब ना' म्हणायला तोंड उघडलं, तर आतून कर बाहेर आला.

१४ ऑक्टोबर

थांबते म्हणाली! नव्या दुकानाने जानेवारीत आलात तरी चालेल असं कळवलंय.

पहिलं कंत्राट मिळालं त्या दिवशीही इतकं बरं वाटलं नव्हतं. तोंडावर काही दिसू दिलं नाही. म्हटलं, "शहाणपणाचा निर्णय घेतलास." आपल्या बायकोशी असं कोण बोलतं? बँकेचा मॅनेजर.

लगेच करवाल्याला फोन लावला. आपल्याच भाषेतला माणूस, इथल्या आपल्या सगळ्यांचे कराचे कागद तोच बघतो, म्हणून करवाला. म्हटलं, यंदाही एकत्रच भरायचं. बरं म्हणाला.

२० ऑक्टोबर

मी लेकीच्या खोलीत झोपतो. ती शिकायला बाहेर आहे. भिंतीवर तिने शाळेत असताना चिकटवलेला पृथ्वीचा नकाशा अजून आहे. पलंग आखूड. पाय दुसऱ्या खंडात जातात.

लेकीचा फोन आला. आईने तिला सगळं सांगितलेलं दिसतंय. म्हणाली, "बाबा, तुम्ही आईची वॉरंटी वाढवून घेतलीत म्हणे?" मी हसलो. तीही हसली. मग तिचा आवाज उतरला. "तिला सांगा ना काहीतरी," म्हणाली. काय सांगू ते नाही सांगितलं. आईवर गेलीय.

२ नोव्हेंबर

गावी आईला पैसे पाठवायचा दिवस. मी मोबाइल उघडला तर ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "आज नका पाठवू, दर पडलाय. परवा चढेल." चलनाचा दर बघणं हे पहिल्यापासून हिचं खातं. मी कमवायचं आणि हिने वारा बघून पाठवायचं. माझ्या आईला वाटतं मुलगा हुशार आहे.

आईने फोनवर नेहमीप्रमाणे पहिलं वाक्य टाकलं, "सूनबाईला दे. तुझ्याशी काय बोलायचं, तू जेवलास का एवढंच विचारतोस." हिने फोन घेतला. औषधं, गुडघा, शेजारणीची सून, सगळं झालं. "होय हो आई, आम्ही दोघं मजेत." हे बोलताना पाठ माझ्याकडे होती.

१२ नोव्हेंबर

नोंदणी कचेरीत जाऊन आलो. एकत्र राहत असल्याचा दाखला नव्याने काढावा लागतो, आणि दोघांनी समोर उभं राहावं लागतं.

बाकावर शेजारी बसलो. हिने घरून पाण्याची बाटली आणली होती, न मागता पुढे केली. खिडकीतली बाई तरुण होती, कंटाळलेली. आमच्याकडे न बघताच विचारलं, "एकाच पत्त्यावर राहता?"

मी घसा साफ केला. ही म्हणाली, "हो."

"पुढेही राहणार?"

आता हा प्रश्न फॉर्मात असतो की बाईंना उगीच सुचला, देव जाणे. मी हिच्याकडे बघितलं. हिने माझ्याकडे बघितलं. मला वाटतं महिनाभरात पहिल्यांदाच आम्ही एकमेकांकडे नीट बघितलं. मी म्हटलं, "सध्या तरी." बाईने शिक्का मारला.

परतताना ही बसमध्ये खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, काम पटकन झालं, नाही? "हं," म्हणाली.

२१ नोव्हेंबर

घरचा फ्रिज दुरुस्त केला. वर्षभर घरघरत होता. ही सांगून दमली. मी कधी मनावर घेतलं नाही. घरचं गिऱ्हाईक पैसे देत नाही आणि सोडूनही जात नाही, असा माझा हिशेब.

आज रविवार धरून पाठीमागचं सगळं खोललं. पंख्याच्या पात्यात लेकीचा जुना केसांचा चाप अडकलेला. ही टॉर्च धरून बसली होती. चाप बघून इतकी हसली, इतकी हसली की टॉर्च माझ्या डोळ्यांवर. म्हणाली, "एवढे मोठे कारागीर, आणि चापाने हरवलं!" मी म्हटलं, मजुरी द्या बाई. "चहा देईन. दूध असलं तर."

ओट्याला टेकून चहा घेतला. फ्रिज गप्प. घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हाच विचारायचं होतं. शब्द जिभेवर होते. मग वाटलं, उद्या बोलू. आजचा दिवस चांगला गेलाय, कशाला पणाला लावा?

२२ नोव्हेंबर

लवकर आलो होतो, मुद्दाम. दार उघडताना आतून हिचा आवाज आला. मेव्हणीशी फोनवर बोलत होती. माझे कान वाईट आहेत, म्हणजे फार चांगले आहेत. बंद दाराआडचं मशीन कुठे दुखतंय ते मला रस्त्यावरून कळतं.

"नाही गं ताई. मन-बिन काही बदललेलं नाही. करापुरती थांबलेय. एक तारखेला निघते... ते? ते कशाला अडवतायत. त्यांनीच तर आकडे मांडून दिलेत."

परत खाली उतरलो. चौकापर्यंत चालत गेलो. नेहमीच्या वेळेला घरी आलो.

काही विचारलं नाही.

२४ नोव्हेंबर

मेस्त्री माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे. घरातला माणूस. त्याला आज सांगितलं. मोटारीचं वेटोळं गुंडाळता गुंडाळता ऐकून घेतलं त्याने. म्हणाला, "शेठ, विचारून तर बघा."

म्हटलं, बाई व्यवहाराला पक्की आहे. करापुरती थांबलीय, माझ्या कानांनी ऐकलं.

"कानांनी ऐकलंत ना? मग तोंडाने विचारा की. तोंड काय भाड्याने दिलंय?"

त्याला झापलं. दुपारी त्याच्या डब्यातली भाजी मागून खाल्ली. तेवढ्यात मिटलं.

पण विचारायचं नाही, हे ठरलं. जी व्यवहाराने थांबलीय तिच्यापुढे हात पसरायचा नाही. आपला व्यवहार चोख राहील. हिला एक पैसा कमी पडू देणार नाही.

८ डिसेंबर

तिकडच्या ठेवीचे कागद हिच्यापुढे ठेवले. दोघांचं नाव आहे, मोडायची तर दोघांच्या सह्या लागणार. म्हटलं, निम्मी तुझी. बाकी लेकीच्या शिक्षणाची बाजूला काढली आहे. गावच्या घराचं मुखत्यारपत्र आईच्या हयातीपर्यंत तसंच राहू दे.

ही कागदांकडे बघतच नव्हती. "तुम्हाला वाटेल तसं करा."

"असं नाही, वाचून सही कर."

"अहो," म्हणाली. खूप दिवसांनी म्हणाली. "तुम्हाला मला काहीच विचारायचं नाही का?"

आणि मी म्हटलं, "जानेवारीपासूनच्या नव्या विम्याचा कागद आला का तुझा?"

पेन उचललं. "आलाय," म्हणाली. सह्या केल्या, सगळ्या, जिथे मी पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या तिथे.

१८ डिसेंबर

हिने माळ्यावरून पेट्या काढायला सांगितल्या. काढून दिल्या. पुसूनही दिल्या.

२५ डिसेंबर

आईचा फोन. "यंदा दोघं येताय ना गावी?" बघतो म्हटलं. "सूनबाईला दे." हिने घेतला. बोलता बोलता म्हणाली, "आई, तुम्ही तुमची साखर तपासून घ्या हं, मला प्रत्येक वेळी सांगायला जमेलच असं नाही." तिकडून आई काय म्हणाली ते स्पीकर नसतानाही ऐकू आलं. "का गं, तू कुठे निघालीस?" ही म्हणाली, "कुठे जाणार? इथेच."

फोन ठेवून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडला. नळाच्या आवाजाखाली दुसरा आवाज लपत नाही. निदान माझ्यापासून तरी नाही. दाराशी गेलो. हात उचलला. वाजवलं नाही.

३१ डिसेंबर

जेवण झाल्यावर ही आवरायला उठली नाही. बसून राहिली. मीही.

"आज शेवटचा दिवस," म्हणाली. "झालं तुमचं काम."

"आपलं."

"हो. आपलं."

समोर रिकामी ताटं. ही ताटाच्या कडेवरून बोट फिरवत होती, एकदा, पुन्हा. काहीतरी येणार म्हणून माणूस थांबतं, तशी थांबली होती. नाहीतर मलाच तसं वाटत होतं. आता खरं काय ते कोण सांगणार? मी उठून दाखल्याची प्रत आणली, फाइलला लावली. म्हटलं, फेब्रुवारीत करवाला कागद पाठवेल, सही करून टपालाने पाठव.

"बरं," म्हणाली. मग ताटं उचलली.

१ जानेवारी

सोडायला गेलो. पेट्या बसच्या पोटात चढवल्या. पावती तिच्या पर्समध्ये नीट ठेवायला सांगितली. हे सगळं मला छान जमतं.

बस सुटायला वेळ होता. ही एकदम म्हणाली, "इकडे बघा." माझा चष्मा काढून घेतला. पर्समधून तो इवलासा पेचकस काढला, दुकानातला, आणि तिथेच उभ्या उभ्या दोन्ही काड्यांचे स्क्रू आवळले. पदराने काचा पुसल्या. परत माझ्या नाकावर बसवून लांबून बघितलं, गिऱ्हाइकाकडे बघतात तसं.

"घसरत होता कधीपासून. सांगायचं नाही का?"

मी म्हटलं, पोचलीस की फोन कर.

केला. पोचले म्हणाली. थंडी आहे म्हणाली.

१९ जानेवारी

टपालपेटीवरची पट्टी बदला असं कचेरीचं पत्र आलंय. आता एकच नाव. मेस्त्री म्हणाला, मी येतो, दोन मिनिटांचं काम. म्हटलं, राहू दे. माझा हात काय मोडलाय?

अजून बदललेली नाही.

३ फेब्रुवारी

आज दर चढला होता. माझ्या लक्षातच आलं नाही. पडला तेव्हा पाठवले.

२६ फेब्रुवारी

करवाल्याकडे जाऊन आलो. वहिनींची सही टपालाने आली म्हणाला, आता फक्त तुमची. मग खुर्ची मागे टेकवून हसायला लागला. "वर्ष उलटलं, आता सांगायला हरकत नाही. दिलदार बाई हो तुमची! ऑक्टोबरमध्ये माझ्याकडे येऊन गेल्या. मी आकडे मांडून दाखवले. तेव्हाच वेगळा पत्ता केला असता तर त्यांना एकट्याची सूट, वर घरभाड्याला मदत. एकत्र राहण्यात फायदा सगळा तुमचा, त्यांना तोटाच. म्हटलं, वहिनी, लगेच जा. तर म्हणाल्या, नाही, थांबते. आणि ह्यांना हे सांगू नका."

का, म्हणून विचारलं मी.

"मीही तेच विचारलं. हसल्या. म्हणाल्या, मला थांब म्हणायला ह्यांच्याकडे दुसरं काही नाही हो. तेवढंही काढून घेऊ नका."