धुळ्याला मी छगन झालो ती हकीकत

तीर्थरूप नाना यांस,

पहूरहून धाकट्या प्रेमराजचा पाया पडून नमस्कार. इकडे मी आणि सुनंदा दोघं बरे, केळी बरी, फक्त म्हैस रुसली आहे. तुमची प्रकृती विचारत नाही, कारण तुम्ही ‘ठणठणीत’ असंच म्हणणार. फोन न करता पत्र लिहितोय, कारण तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता आणि निम्मं दोंडाईचा ऐकतं.

दोन वर्षांपूर्वी माझ्या पाठीवर नागीण उठली होती, तेव्हाची गोष्ट तुमच्यापासून लपवली. (भावापासून लपवणं पाप, ठाऊक आहे. पण ऐका.) नागीण बरी झाली, तरी इथल्या डॉक्टरांनी एचआयव्हीची तपासणी करायला सांगितलं. जामनेरला ओळखीचे, जळगावला त्याहून ओळखीचे, म्हणून एसटीने थेट धुळं गाठलं. तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना काळा चष्मा (सासऱ्यांचा, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा). दवाखान्यात नाव विचारलं तेव्हा छगन म्हणून सांगितलं, आणि बाकावर बसल्या बसल्या भीतीने तेच विसरलो. छगन, छगन अशा हाका झाल्या. मी मनात म्हटलं, कोण हा बहिरा माणूस. शेवटी समुपदेशक मेघाताई समोर येऊन हळूच म्हणाल्या, इथलं नाव बाहेर जात नाही भाऊ, खरं सांगितलं तरी चालेल.

तपासणीत विषाणू निघाला. ताई बराच वेळ समजावत होत्या, पण मला ‘एड्स’ एवढंच ऐकू आलं, म्हणजे जे त्या म्हणाल्याच नव्हत्या. घरी येऊन मी मरायची तयारी लावली. ट्रान्झिस्टर शेजारच्या उखर्डूला देऊन टाकला आणि ओसरीवर भिंतीकडे तोंड करून पडलो. तिसऱ्या दिवशी सुनंदा ताट घेऊन शेजारी बसली, तेव्हा सगळं सांगून टाकलं. ट्रकवरच्या दिवसांतलं, ढाब्यामागच्या बायांचंही, काही न लपवता. ती ताट खाली ठेवून परसात निघून गेली. घाटात आपले ब्रेक गेले होते, आठवतं? तसं झालं मला. मग तोंड धुऊन आली आणि माहेरच्या बोलीत म्हणाली, “मरनं शे ते मंग मरा. पहिले जेवी ल्या.” आणि माझ्याच ताटात जेवली. (रागात होती. घास माझ्यापेक्षा मोठे होते.)

दुसऱ्या दिवशी दोघं धुळ्याला गेलो. तिची तपासणी चांगली आली, तीन महिन्यांनी केली तीही चांगली. तिनेच मेघाताईंना खोदून खोदून विचारलं. ताटातून, चहातून हे लागत नाही. एचआयव्ही अंगात असणं म्हणजे एड्स नव्हे. विषाणू अंगाची ताकद हळूहळू खातो, उपचाराविना वर्षं गेली की ती पार खचते, मग वाटेल तो आजार घुसतो, त्याला एड्स म्हणायचं. वेळेवर कळलं आणि रोज गोळी घेतली, तर तिथवर जातच नाही. गोळ्या सरकारी, फुकट. आता माझ्या रक्तात विषाणू इतका कमी की तपासणीत सापडत नाही, आणि असंच टिकवलं तर सुनंदालाही माझ्याकडून लागण होणार नाही, असं ताई म्हणाल्या. सुनंदा पहिला महिनाभर ‘गोळी घेतली का’ यापलीकडे एक शब्द बोलली नाही. पण विचारायला एकदाही चुकली नाही.

उखर्डू ट्रान्झिस्टर परत देत नाही. मेल्याशिवाय वस्तू वाटू नये, हे शिकलो.

वहिनींना नमस्कार.

तुमचा,
प्रेमराज

ता. क. तीन महिने तुमचा ताप येतो-जातो आणि सदरे अंगावर लोंबायला लागलेत, असं वहिनी सुनंदाला म्हणाल्या.

ता. क. दुसरा. नाना, त्या ट्रकवर आणि त्या ढाब्यांवर आपण दोघं होतो. कदाचित काहीच निघणार नाही, मग मला पोटभर शिव्या द्या. निघालंच तरी उपचार आहेत, उशिरा सुरू केले तरी गुण येतो. गुरुवारी सकाळी मी दोंडाईचाला येतो. तिथून धुळ्याला बरोबर जाऊ, बाकावर तुमच्याशेजारी मी बसेन. वहिनींना तुम्हीच सांगा. ते जड गेलं तर सुनंदा सोबत येतेय, त्यांच्याजवळ थांबेल.

ता. क. तिसरा. नाही म्हणायचं असेल, तर शुक्रवारी म्हणा.