खंडेनवमीची बॅट

अण्णा,

तुमच्याविरुद्ध एक तक्रार आहे आणि ती लेखी नोंदवणं भाग आहे. तुमची हळद अजून निघालेली नाही. बॅटच्या पात्यावर वरून तिसरी जी स्वाक्षरी आहे, तिच्या बरोबर मधोमध तुम्ही दर खंडेनवमीला बोट टेकवत होतात. विळी, अडकित्ता, सायकल, पोथ्यांची पेटी आणि शेवटी बॅट, असा तुमचा पूजेचा क्रम ठरलेला होता, आणि सगळ्यांत जास्त हळदकुंकू सगळ्यांत शेवटच्या वस्तूला, कारण वाटीत उरलेलं टाकून द्यायचं नाही. परिणामी त्या थोर खेळाडूच्या नावाचं पहिलं अक्षर आणि शेवटचा फराटा एवढंच शिल्लक आहे. मधला सगळा माणूस पिवळा झाला आहे. मी कापूस वापरला, खोडरबर वापरला, एका औषधविक्याने दिलेलं स्पिरिटही वापरलं. तुमच्या सूनबाईंनी लिंबू सुचवलं, ते मी नाकारलं. काही मर्यादा असतात. जगभरात बॅट जपणारे पुष्कळ आहेत, पण बॅटची षोडशोपचारे पूजा करून तिला तिळाचं तेल पाजणारा संग्राहक माझ्या माहितीत एकच, आणि तो माझ्या नशिबी बाप म्हणून आला.

हे आज आठवायचं कारण समोरचा एक फॉर्म. इथल्या एका क्रिकेट क्लबाने जुन्या क्रीडावस्तूंचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे. परीक्षक म्हणून मला नेमलंय आणि दारातल्या पहिल्या टेबलावर त्यांना आपली बॅट हवी आहे. फॉर्मवर दोन रकाने आहेत. ‘वस्तूचा इतिहास, चार ओळींत’ हा पहिला. दुसरा ‘परीक्षकाचा अभिप्राय: अस्सल किंवा बनावट, नको ते खोडा’. वस्तू माझी आणि परीक्षकही मीच. सोमवारी द्यायचा आहे. चार ओळी लिहायला बसलो आणि तुम्हालाच लिहितो आहे असं लक्षात आलं, म्हणून वेगळा कागद घेतला.

तुम्हाला मागचं सांगायला हवं. तुमच्या पश्चात शहराचं नाव बदललं. नळाला पाणी मात्र अजून आठ दिवसांनीच येतं, तेव्हा परकं वाटणार नाही. मी कॉलेजात संस्कृत शिकवतो, पण पुंडलिकनगरात मला ‘बॅटवाले सर’ म्हणून ओळखतात. रविवारी सकाळी दारात चपलांचा ढीग असतो. समोरच्या वहिनींना सुरुवातीला वाटलं की मी पत्रिका बघायला लागलो. त्या मुलीची घेऊनही आल्या होत्या. लोक बॅटी आणतात, टोप्या, हातमोजे, तिकिटांची अर्धुकं आणतात, आणि ही अस्सल आहे का, हिला काही किंमत येईल का, असं विचारतात. मी वस्तू स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवतो, कारण पूर्वेचा उजेड तिथे चांगला पडतो. तुम्हीही पोथ्या स्वयंपाकघराच्या जमिनीवरच पसरत होतात आणि आई पळी हातात घेऊन म्हणायची, “आता मी पिठलं कुठं करू, समासात?”

माझं सगळं भांडवल त्याच जमिनीवरचं आहे. एकाच ग्रंथाच्या दोन पोथ्या शेजारी ठेवून तुम्ही मला विचारायचात, की यातली कुठली कुणी कुणावरून उतरवली. मी अक्षराकडे बघायचो आणि चुकायचो. “अक्षर बघू नकोस, हात बघ,” तुम्ही म्हणता आहात, चष्मा कपाळावर, बोटांना शाई. “अक्षर कुणालाही चोरता येतं. हात कुठं थबकतो, कुठं उचलला जातो, तिथं माणूस सापडतो.” मग न्यायदर्शनातली चार प्रमाणं घोकून घेतलीत: डोळ्यांनी दिसतं ते, त्यावरून काढलेलं अनुमान, माहीत असलेल्या वस्तूशी तुलना, आणि शेवटचं शब्दप्रमाण, म्हणजे ज्याला खोटं बोलायचं काहीच कारण नाही अशा माणसाचं वचन. ऋषिमुनींनी ही व्यवस्था ब्रह्मज्ञानासाठी केली होती. मी ती ग्लोव्ह्जना लावतो.

शहागंजात जुन्या सामानाचं दुकान असलेले एक चाचा आहेत, ते चौथ्या प्रमाणावरच जगतात. वचन त्यांचं स्वतःचं. एका रविवारी ते एका दांडग्या गोलंदाजाची जर्सी घेऊन आले. “मॅच में पहनी हुई है, पंडितसाब. पसीना भी ओरिजिनल है.” मी म्हटलं, “चाचा, तो माणूस सहा फुटांहून उंच होता. ही माझ्या मुलीलाही आखूड होईल.” “धुलके सिकुड गई ना.” “धुतली, तर घाम कसा राहिला?” चाचांनी जर्सीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “इसीलिए तो बोलतूँ, असली पसीना है.” तुम्ही असतात तर त्यांना जेवायला थांबवलं असतंत.

सगळेच रविवार असे हसण्यावारी गेले नाहीत. मागच्या उन्हाळ्यात खुलताबादकडचे एक गृहस्थ आले. घरची शेती, स्वतः इथं कारखान्यात नोकरी. टॉवेलात गुंडाळलेला चेंडू त्यांनी ओट्यावर असा ठेवला की जणू अंडं. त्यांचे वडील मैदानावर रोलर ओढायच्या कामाला होते. “त्या मोठ्या सामन्यातला चेंडू हाय, सर. आबानं आणला व्हता माझ्यासाठी. लई जपलाय.” मी चेंडू फिरवला. त्यावरचा कंपनीचा शिक्का त्या सामन्यानंतर कितीतरी वर्षांनी बदललेला, नवा होता. दोन मिनिटांत मी सांगितलं, की बनावट. ते म्हणाले, “आबा खोटं कशाला बोलंल?” त्यावर मी त्यांना चारही प्रमाणं समजावून दिली, चहा निवेपर्यंत. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग चेंडू परत टॉवेलात गुंडाळता गुंडाळता विचारलं, “मग बापाच्या शब्दाला तुम्ही कोणत्या खान्यात टाकता, सर?” मी हसलो. मला वाटलं, खेड्यातल्या माणसाचा भाबडा प्रश्न आहे.

आता बॅट. मी अकरा वर्षांचा, कावीळ झालेली, उसाचा रस आणि मुगाचं पाणी यांवर जिवंत. शहरात नामवंत खेळाडूंचा प्रदर्शनीय सामना आहे, वर्गातली सगळी मुलं गेली आहेत आणि मी भिंतीकडे तोंड करून पडलो आहे. तुम्ही सकाळी कोऱ्या बॅटीचं पुडकं सायकलच्या दांडीला बांधून बाहेर पडता. क्रिकेटमधलं तुम्हाला एवढंच माहीत, की हा खेळ उन्हात खेळतात आणि त्यात फार वेळ जातो. दिवेलागणीला परत आलात तेव्हा मान लाल झाली होती. बॅट माझ्या उशाशी ठेवून तुम्ही आधी विचारलंत, “याची पुढची बाजू कोणती रे?” आणि मी पुढची बाजू पाहिली. अकरा स्वाक्षऱ्या. तुम्ही म्हणालात, “हॉटेलच्या फाटकाशी उभा होतो. माणसं सज्जन आहेत, पण सही करताना कुणी कागदाकडे बघत नाही.” मी रडलो असणार, कारण लगेच तुम्ही दटावलंत, “बॅट मिळाली म्हणून लिट् लकार सुटलेला नाही. उद्या म्हणून दाखवायचा.” काविळीत मी तो लिट्, म्हणजे परोक्ष भूतकाळ, पाठ केला. वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या गोष्टीसाठी तो वापरतात, एवढं अजून लक्षात आहे.

तर फॉर्म भरण्यापूर्वी, आयुष्यात पहिल्यांदा, मी ती बॅट इतरांच्या बॅटीसारखी ओट्यावर घेतली आणि भिंग लावलं. इतकी वर्षं का लावलं नव्हतं ते विचारू नका. शाई पेनाची नाही, दौतीतली आहे, पोथ्यांची काळी. पहिल्या स्वाक्षरीच्या डावीकडे एक बारीक ठिपका दिसला. डाग असेल म्हटलं. दुसरीच्याही डावीकडे ठिपका. पिवळ्या झालेल्या तिसरीच्याही. अकराच्या अकरा स्वाक्षऱ्यांच्या आधी, समास राखावा तसा, एकेक ठिपका. टाक नीट चालतो की नाही हे बघायला तुम्ही कुठंही लिहिण्याआधी असा ठिपका देत होतात. माझ्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पालकांच्या सहीशेजारी तो आहे. मी कपाटातून ती प्रगतिपुस्तकं काढून शेजारी ठेवली. तुलनाही झाली, अनुमानही झालं. हात तुमचाच आहे.

आता शक्यता दोन. खऱ्या सह्या तेलाने आणि हळदीने पुसट झाल्या आणि जीर्ण पोथीची अक्षरं उजळावीत तशा तुम्ही त्या वरून उजळल्यात. यात वस्तूची सगळी किंमत गेली हे तुमच्या ध्यानीमनीही नसणार. किंवा ते खेळाडू त्या दिवशी मागच्या दाराने निघून गेले. खालची शाई शोधायला मी भिंग किती तिरपं केलं तरी तेल इतकं मुरलं आहे की काही दिसत नाही. तुम्ही मागे पुरावा म्हणून फक्त हळद ठेवलीत.

अशा वेळी मुलीचा फोन आला. ती पुण्यात नोकरी करते आणि दर सुट्टीत माझ्या शेजारी ओट्याशी उभी राहून हे सगळं शिकली आहे. परवा तिने फोटोवरूनच एक टोपी बनावट ठरवली. “बाबा, आजोबांच्या बॅटचा फॉर्म भरला?” “भरतोय.” “इतका वेळ? लोकांच्या बॅटी दोन मिनिटांत निकालात काढता. बरं, माझी रॅकेट पण लावू या ना बॅटशेजारी. शनिवारी घेऊन येते. आपण दोघं मिळून तपासू.” मी म्हटलं, बघू. तुम्हाला ही रॅकेट माहीत नाही. मुलगी अकरा वर्षांची असताना तिचा हात मोडला होता, आणि नेमक्या त्याच आठवड्यात बॅडमिंटनची एक मोठी खेळाडू इथल्या समारंभाला आली होती. प्लास्टरमधल्या मुलीला गर्दीत नेता येईना, म्हणून मी रॅकेटचं कव्हर घेऊन एकटाच गेलो. त्या कव्हरवरची स्वाक्षरी ती वसतिगृहातसुद्धा उशाशी घेऊन राहिली.

शेवटी बॅट घेऊन मी शहागंजात गेलो. स्वतःच्या बापाचा निकाल स्वतः देऊ नये, एवढा संकेत मी पाळला. चाचांनी दुकानाच्या पायरीवर उन्हात बॅट धरली, माझं भिंग बाजूला सारून नुसत्या डोळ्यांनी बराच वेळ पाहिली. “साइन सब एकीच आदमी के हैं, पंडितसाब.” मी म्हटलं, “माहीत आहे.” “कौन?” “माझे वडील.” त्यांनी पुन्हा बॅटकडे पाहिलं. “मगर आदमी ईमानदार है.” मी म्हटलं, “चाचा, हा तुमचा घामाचा युक्तिवाद झाला.” “नक्को, सुनो तो. ठगनेवाला ग्यारह बार हाथ बदलता. जरा टेढा, जरा मोटा. हम लोगां को मालूम है ना, कैसा करते. इन्ने एक बार भी नहीं बदला. छुपानाच नहीं था उनको.” मग बॅट माझ्या हातात देत म्हणाले, “बेचना नक्को. इसकी कीमत नहीं आती.”

घरी येऊन मी फॉर्मवर लिहिलं: ‘स्वाक्षऱ्या अकरा, हात एक. तो माझ्या वडिलांचा. खाली काय होतं ते ठाऊक नाही. हळद खंडेनवमीची.’ बरोबर चार ओळी झाल्या. खालच्या रकान्यात अस्सल आणि बनावट दोन्ही खोडले. क्लबाला चालेल की नाही कुणास ठाऊक. त्यांना पहिल्या टेबलासाठी दुसरं काहीतरी सापडेल. खुलताबादच्या त्या गृहस्थांना फोन करून चेंडू घेऊन पुन्हा याल का म्हणून विचारलं. ते म्हणाले, “आता कशाला, सर? तुम्ही सांगितलं ते पटलं मला. पोराला दिला खेळायला.”

फॉर्म सोमवारी जाईल. हा कागद बॅटच्या खोळीत ठेवावा म्हटलं होतं, पण ती खोळ शनिवारी मुलगी उघडेल, म्हणून तिथेही नाही. तुमच्याबद्दल माझं मन आता बरंच निवांत आहे, अण्णा. फाटकाशी उभे होतात की नव्हतात, मला दोन्ही चालतंय. काळजी दुसरीच आहे. समारंभाच्या दिवशी ती खेळाडू भाषण संपताच गाडीत बसून गेली. मी रस्त्याकडेच्या एका रसवंतीत बसलो. रॅकेटच्या कव्हरवरची सही माझी आहे. शनिवारी मुलगी ते कव्हर ओट्यावर ठेवील आणि ओळखील, माझ्याकडूनच शिकली आहे ती. ओळखण्याची मला भीती नाही. पण चाचांच्या कसोटीवर तुम्ही सुटलात, आणि मी सुटत नाही. मी हात बदलला होता, अण्णा. वर्तमानपत्राच्या कडेला पाऊण तास सराव करून.