एकच पातेलं

चि. धाकटीस,

थोरलीचे पोटभर आशीर्वाद. मी मजेत आहे. तुझा गुडघा काय म्हणतो?

नातीच्या प्रयोगशाळेतलं ते गणितं सोडवणारं क्वांटम यंत्र पाहिलं बाई. दिसायला नुसतं झुंबर. चार कण सांभाळताना त्याला धाप लागते. तिचा साहेब त्याहून पोकळ. उत्तर जास्त अंकांपर्यंत हवं तर म्हणे कण वाढवा, मोठं यंत्र आणा. डोकं चालेना की दुकान गाठायचं, असला तो.

आपली पोर म्हणाली, "उत्तर वाचायला एकच कण पुरे. एक अंक वाचायचा, कण पुसायचा, पुढच्या अंकाला तोच घ्यायचा."

तो हसला. "आजीकडून शिकलीस? एकच पातेलं धुऊन धुऊन सगळा स्वयंपाक? कर, पण फसलं तर तुझी जागा दुसऱ्याला."

पोरीचं जेवणच सुटलं होतं गं. तुला मुद्दाम कळवलं नाही.

पण त्याच लहान यंत्रावर उत्तर अचूक आलं. काल तिनं मला तिथे नेलं, तर साहेब पाहुण्यांना सांगतोय, "ही आमची युक्ती." मी विचारलं, "आणि पातेलं कुणी धुतलं, साहेब?"

त्याचं तोंड पाहायला हवं होतंस. घरी आल्यावर पोरीनं दोनदा वाढून घेतलं.

तुझी तोंडाळ ताई