तुम्ही उतरवलेली पट्टी

आप्पा,

आधी वस्तुस्थिती मांडते, आणि ती घडली त्याच क्रमाने मांडते. आणीबाणीच्या आदल्या वर्षी माझ्या गळ्यात गाठ निघाली. मिरजेला शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी तुम्हाला बाजूला घेऊन सांगितले की गळा वाचला आहे, वरचे सूर परत येतील याची खात्री मात्र देता येत नाही. आठ महिने मी गायले नाही. नवव्या महिन्यात मी तुम्हाला सांगितले की गाईन तर काळी पाचातच गाईन, म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी हाच पूर्वीप्रमाणे माझा सा असेल. तो लागला नाही तर पुन्हा मंचावर चढणार नाही. तुम्ही ‘बरं’ म्हणालात. त्या हिवाळ्यात आपल्या वाद्यवृंदाचा दौरा निघाला. माळशिरस, कुर्डुवाडी, बार्शी आणि शेवटी सोलापूर. चारही ठिकाणी पेटीवर तुम्ही होतात, चारही ठिकाणी मी गायले आणि चारही ठिकाणी लोकांनी मला डोक्यावर घेतले. त्यानंतर महिन्याभराने मुंबईत, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, माझा आवाज फाटला. त्या दिवसापासून मी गायलेले नाही. तुम्ही त्यानंतर चार वर्षे जगलात. आणि गेल्या महिन्यात, तुम्हाला जाऊन वीस वर्षे होत आली असताना, मला कळले की त्या दौऱ्यात मी एकदाही काळी पाचात गायले नव्हते.

हे कसे कळले तेही ऐका. तुमची पेटी तुमच्यामागे कपाटावर तशीच बंद होती. मी तिला कधी हात लावला नाही, कारण नियम तुमचाच होता : पेटी वाजवणाऱ्याची, गाणाऱ्याने तिला हात लावायचा नाही, कान लावायचा. महाविद्यालयाच्या संगीत मंडळाला ती देऊन टाकावी असे ठरवले आणि त्याआधी दुरुस्तीला नेली. कारागिराने फळी उघडली, आत डोकावला आणि मला विचारले, “बाई, ही सरकत्या पट्ट्यांची पेटी हाय, म्हाईत हाय न्हवं तुमाला?”

“माहीत आहे. वडील त्या कधी सरकवत नसत.”

“नसत कसं? दोन घरं खाली सरकवल्यात की! आन् परत कुनी हालवू नये म्हनून आतनं खिळा ठोकलाय. हे बगा.”

मी म्हणाले, अशक्य आहे. असा शब्द मी सहसा पुराव्याशिवाय वापरत नाही, पण तेव्हा वापरला. त्याने तुमच्या पेटीवर काळी पाच दाबली आणि शेजारच्या, स्वतःच्या पेटीवर काळी चार. दोन्हींतून एकच सूर निघाला. बोट काळी पाचावर आणि आवाज त्याहून दोन सूर खाली. “खिळा काडू का ऱ्हाऊ दे?” त्याने विचारले. राहू दे, म्हणाले, आणि तिथून थेट तबलजी चाचांकडे गेले. ते आता सत्तरीचे आहेत, ऐकायला कमी येते, पण मला पाहताच उठून बसले. मी नमस्कारही न करता विचारले, की आप्पांनी दौऱ्यात पेटी उतरवली होती काय? त्यांनी आधी सुनेला चहा ठेवायला पिटाळले.

“हौ बेटा, उतराई थी. मेरे कू बोले, तबला दो सूर नीचे मिला और मुँह बंद रख.”

“आणि तुम्ही ठेवलेत.”

“नईं रखता तो तू गाती थी क्या? मँडोलिनवाले कू मालूम, परदा खींचनेवाले कू मालूम. एक तूच नईं जानती थी.” आणि ते हसले, आप्पा. जुन्या गमतीला हसावे तसे हसले. मी चहा न घेता उठले.

पडदा ओढणाऱ्यालाही ठाऊक होते. हे वाक्य मला तेव्हापासून झोपू देत नाही. मी संस्कृतची एम. ए., गाण्यातली विशारद. सहगायिकेचा सूर केसभर हलला तरी तालमीत सर्वांसमोर तिला थांबवणारी. बार्शीची संध्याकाळ मला आज समोर घडत असल्यासारखी दिसते. धान्यबाजाराजवळचा मंडप गच्च भरलेला आहे. मी माईकसमोर येते आणि पुढच्या रांगेतला एक अडत्या हात वर करून ओरडतो, “बाई, तुमी न्हवता तर औंदाचा गनपती मुका गेला की आमचा!” लोक हसतात, मी हसते, आणि चौथ्या गाण्यानंतर सहगायिकेला पडद्यामागे बोलावून म्हणते, “तुझा आवाज उतरतो आहे. आजारी मी होते, तू नव्हे.” ती तुमच्याकडे बघते. तुम्ही भात्याची कडी लावत राहता. त्या मुलीला काय ठाऊक होते, हे आता मला माहीत आहे. तिने ऐकून घेतले, कारण तुम्ही तिला ऐकून घ्यायला शिकवले होते.

आणि सोलापूर. आपले गाव, आपली माणसे, गिरणीतून सुटून तसेच आलेले कामगार, मागे बायकांच्या रांगा. मध्यंतरानंतर मी माईक हातात घेतला आणि म्हणाले, “डॉक्टरांनी सांगितले होते की मला आवाज उतरवून गावे लागेल. मी काळी पाचात गात होते. मी आजही काळी पाचातच गाते आहे.” टाळ्या इतका वेळ चालल्या की चाचांनी ठेका धरला. तुम्ही मान खाली घातली होती. मला वाटले, आप्पांचे डोळे भरून आले. बाप म्हणून तुमचा मला त्या क्षणी केवढा अभिमान वाटला, हे आज लिहायलाही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी ते वाक्य वर्तमानपत्रात आले. ते वाचूनच मुंबईचे बोलावणे आले.

इथे तुमचा खरा अपराध सुरू होतो. त्याआधीचे मी एक वेळ समजू शकते. मुंबईचे पत्र तुम्ही वाचलेत, चष्मा पुसलात, पुन्हा वाचलेत. निघण्याच्या दिवशी तुम्हाला ताप आला. मी कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ गार होते. तरी मी म्हणाले, विश्रांती घ्या, आणि एकटी गाडीत बसले. तिथे पेटीवर दुसरा माणूस होता आणि त्याची काळी पाच ही काळी पाच होती. पहिल्या कडव्यात मला श्वास पुरेना. दुसऱ्यात तार सप्तकाकडे जाताना आवाज चिरला. संगीतकार सज्जन होता. “दोन सूर उतरवू या का?” असे त्याने हळू विचारले. मी काय उत्तर दिले ते तुम्हाला मी कधी सांगितले नाही, आता सांगते. मी म्हणाले, “मी गेल्याच महिन्यात सोलापुरात काळी पाचात गायले आहे. तुमची पेटी चढी आहे.” वादक एकमेकांकडे पाहून हसले. काचेपलीकडचा तंत्रज्ञ हसला. मी तंबोरा उचलला आणि निघाले. त्याने सुचवले होते ते नेमके तुम्ही माझ्यासाठी केले होतेत, आणि त्याच सुरांत मी चार गावे जिंकली होती. मला फक्त ते ठाऊक नव्हते.

घरी आले तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात होतात. आई गेल्यापासून शेंगांची चटणी तुम्हीच कुटायचात. खलबत्त्याचा आवाज जिन्यापर्यंत येत होता. मी दारात उभी राहिले आणि म्हणाले, “आप्पा, माझा गळा गेला. गाठ परत आली असणार.” तुमचा हात क्षणभर थांबला. मग पुन्हा कुटू लागलात आणि म्हणालात, “भाकरी गरम आहे. जेवून घे.”

आप्पा, एका वाक्याचे काम होते. गाठ आलेली नाही, पोरी, पेटी मी उतरवली होती. त्यानंतर मी मिरजेला पुन्हा तपासून आले. डॉक्टर म्हणाले, गळा स्वच्छ आहे. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. तुम्ही सोबत होतात, बाकावर शेजारी बसून होतात. मी तंबोऱ्याच्या तारा काढल्या तेव्हा तुम्ही त्या गुंडाळून डब्यात ठेवल्यात. मी महाविद्यालयात शिकवायला लागले तेव्हा तुम्ही शेजाऱ्यांना पेढे वाटलेत. चार वर्षे, रोज दोन वेळा, आपण समोरासमोर जेवलो. खिळा तुम्ही ठोकला केव्हा, दौऱ्याआधी की नंतर? नंतर, चोरी उघडी पडू नये म्हणून ठोकला असेल, तर ती लबाडी माझ्यासाठी नव्हती, तुमच्यासाठी होती.

तुम्ही म्हणाल, अट तुझीच होती. होती. काळी पाच नाहीतर काही नाही, हे मीच म्हणाले होते, आणि तुम्ही मला ओळखत होतात. पण सोलापूरच्या टाळ्यांनंतर, घरी परतताना टांग्यात, मला सांगता आले असते. मी थयथयाट केला असता. आठवडाभर बोलले नसते. मग कदाचित काळी चारात गायले असते, वीस वर्षे, पंचवीस वर्षे. ते होईल की नाही हे ठरवायचा अधिकार माझा होता. तुम्ही तो वापरलात, आणि वापरल्याचे मला कळूही दिले नाही. आता मी बावन्न वर्षांची आहे. परवा दार लावून काळी चारात सा लावून पाहिला. लागला. थरथरत, पण लागला. त्याने मला आनंद झाला नाही, संताप आला.

हे पत्र टपालात पडणार नाही, एवढे व्यवहारज्ञान मला आहे. तरी त्याचे तीन मसुदे केले, आणि पहिल्या दोनांत गाळलेली एक गोष्ट या तिसऱ्यात लिहिते, कारण अपुरी कैफियत मला चालत नाही. माळशिरसला, पहिल्याच कार्यक्रमाआधी, तुमच्या सुरावर तंबोरा जुळवताना तारा माझ्या बोटांना ढिल्या लागल्या होत्या. कानाने सांगितले, सूर खाली आहे. मी वळून पाहिले. तुमचे बोट काळी पाचावर होते. मी बोटावर विश्वास ठेवला, कारण बाहेर लोक बसले होते आणि मला गायचे होते. विचारले असते तर तुम्ही खोटे बोलला नसतात, असे मला वाटते. मी विचारले नाही.

माझी कबुली एवढीच, आणि तिने तुमची सुटका होत नाही. मला तुम्ही हे कधी सांगणार होतात? उत्तर लेखी द्यावे, स्वतःच्या अक्षरात, खाली सही करून.