घरच्यांसाठी नाही

पिंप्राळा, जळगाव
बुधवार, ३० जुलै २०२५

चि. हितेंद्र यास,

आशीर्वाद. त्याआधीची ‘अनेक उत्तम’ ही विशेषणे या वेळी गाळली आहेत. नजरचुकीने गाळली, असे समजू नकोस.

काल नागपंचमी झाली. येत्या रविवारी कानबाईमाता बसेल. तुझी काकू सकाळपासून गहू निवडते आहे. गुडघे दुखतात, म्हणून पाटावर बसून निवडते. सुनेने हात लावलेला तिला चालत नाही. पाऊस बेताचा आहे. मागच्या अंगणातल्या वेलाला गिलकी लागली आहेत. रोशनीविषयी पुढे लिहितो.

मोबाईलवरचा तुझा संदेश मिळाला. त्यातील शुद्धलेखनाच्या चुका मी मोजल्या नाहीत; ज्या चुकीमुळे हे पत्र लिहावे लागत आहे, ती शुद्धलेखनाची नव्हे. ‘झाले गेले विसरून कानबाईला सगळे एकत्र बसू’, असे तू लिहितोस. जे ‘झाले’ ते कोणाला झाले आणि जे ‘गेले’ ते कोणाचे गेले, याचा तुझ्या वाक्यात कोठेही पत्ता नाही.

परवा तुझी आई येऊन गेली. सुंदरबाईंनी चहाला हात लावला नाही. बराच वेळ पदर बोटाला गुंडाळत बसल्या आणि उठताना म्हणाल्या, “आबा, पोऱ्या चुकना. डबा दी टाका. घरनी गोट घरमाच राहू द्या.” म्हणजे तू आईला गोळ्यांचा डबा न्यायला पाठवले होतेस. पुतणीची प्रकृती विचारायला तू स्वतः आला नाहीस. धुळ्याहून जळगाव फार लांब नाही. आपला माल घेऊन तू दर पंधरवड्याला इकडच्या व्यायामशाळांत येतोस, हे मला ठाऊक आहे.

आता रोशनीविषयी. ती घरी आली आहे. हृदयाचे ठोके औषधाने ताळ्यावर आहेत. औषध किती काळ घ्यावे लागेल, हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत. जिना चढताना ती मध्येच थांबते आणि आम्हांला कळू नये म्हणून कठड्याला टेकून खिडकीबाहेर पाहिल्यासारखे करते. शाळेची नोकरी तूर्त सुटली आहे. तिच्या ठरलेल्या सासरच्या, रावेरच्या मंडळींनी मध्यस्थाकरवी निरोप पाठवला, की मुलीच्या तब्येतीचे कळले, वाईट वाटले. त्यांना किती वाईट वाटले, ते याच मध्यस्थाकडून नंतर समजले: ते आता चोपड्याकडे मुली पाहत आहेत.

याच मंडळींतल्या मुलाच्या आत्याने साड्या पाहताना म्हटले होते, की मुलगी गुणी आहे, फक्त अंगाने जरा भरली आहे. ते वाक्य सर्वांनी हसण्यावारी नेले. रोशनीने नेले नाही. तिने तुला विचारले, कारण देवपुरातल्या तुझ्या दुकानावर ‘वजन घटवा’ असा फलक आहे आणि तू तिचा काका आहेस. तू ‘सातपुडा तनुलता’चा डबा घेऊन आलास. लग्नाची भेट समज, म्हणालास.

माझ्या नजरेखालून गेल्याखेरीज या घरात कोणतेही औषध घेतले जात नाही. म्हणून तिने तो डबा माझ्याकडे आणला. कडू संत्र्याच्या सालीचा अर्क, हिरव्या कॉफीच्या बियांचा अर्क, हिरव्या चहाचा अर्क. खाली ‘शंभर टक्के वनस्पतिजन्य, पूर्णपणे निर्धोक’. मराठी निर्दोष होते. झाडपाल्याने कोणाचे वाईट होत नाही, असे आपल्याकडे सगळेच मानतात. मीही मानत होतो. डबा मी तिच्या हाती परत दिला. माझ्या या मूर्खपणाचा हिशेब माझ्यापाशी आहे. तो पुढे करून तू आपली सुटका करून घेऊ नयेस, म्हणून तो मीच येथे लिहून ठेवतो.

तिची भूक गेली, मग झोप गेली. पोळीचा घास ती ताटात नुसता फिरवत असे. छाती धडधडते, असे तिने तुला फोनवर सांगितले, तेव्हा तू काय उत्तर दिलेस, ते तिने मला दवाखान्यात सांगितले. सांगताना तिला तुझा राग नव्हता, हे मला अधिक लागले. “काका म्हणाले, चरबी जळते तेव्हा असंच होतं. फरक कमी वाटत असेल तर एका गोळीच्या दोन कर.” तिने दोन केल्या. त्यानंतर शाळेच्या जिन्यावर ती कोसळली. मुलींनी आरडाओरडा केला म्हणून शिपाई धावत आला.

ती अतिदक्षता विभागात होती, तेव्हा तुझी जाहिरात मोबाईलवर फिरत होती. डावीकडे आधीची रोशनी, उजवीकडे नंतरची, आणि खाली ‘माझ्या सख्ख्या पुतणीचा अनुभव’. दीपनगरहून रात्रपाळी संपवून आलेल्या माझ्या ज्ञानेश्वरने, तिच्या बापाने, दवाखान्याच्या बाकावर बसून ती पाहिली. त्याने मोबाईल पालथा ठेवला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिला.

मी डॉक्टरांना म्हणालो, अहो, हे तर वनस्पतींचे आहे. ते म्हणाले, “काका, धोतराही वनस्पतीच आहे.” मग त्यांनी समजावून सांगितले. संत्र्याची साल चघळणे वेगळे आणि ढीगभर सालींतला उत्तेजक अंश काढून गोळीत भरणे वेगळे. त्यात कॉफीचा अर्क मिसळला, की हृदय धावत सुटते. कोणता अंश किती, हे डब्यावर कोठेच लिहिलेले नाही, तेही त्यांनीच दाखवले. मी शब्द वाचले होते. आकडे नव्हते, याकडे माझे लक्ष गेले नव्हते.

येथपर्यंतचे सर्व मी तुझे अज्ञान म्हणून पोटात घातले असते. माल कोठून तरी येतो, तू फक्त लेबल चिकटवतोस. त्यात काय आहे हे तुला तरी कोठे ठाऊक असणार, असे मी तुझ्या काकूला समजावतही होतो. तुझा बाप सुकलाल गेला तेव्हा तू शाळकरी होतास. माझ्या घरात, माझ्या ताटाशेजारी जेवून तू मोठा झालास. अशा मुलासाठी माणूस सबबी शोधतो.

मग तुझी शीतल दवाखान्यात आली. तुला न सांगता आली होती, हे तू आता या पत्रातूनच वाचतो आहेस. तिला त्रास देऊ नकोस. दिलास तर मला कळेल. रोशनीच्या उशाशी बसली, तिचे केस विंचरले आणि जिन्यापर्यंत माझ्यासोबत आल्यावर म्हणाली, “आबा, बाळंतपणानंतर मीही एकदा डबा उघडला होता. यांनी हातातून काढून घेतला. म्हणाले, हे घरच्यांसाठी नाही, गिऱ्हाइकांसाठी आहे.”

मी जन्मभर वाक्ये तपासली, हितेंद्र. इतके स्पष्ट वाक्य मी फार थोडे ऐकले आहे.

तेव्हा डब्याविषयी. तो तुला परत मिळणार नाही. ज्ञानेश्वर आणि मी काल तो अन्न व औषध कार्यालयात देऊन आलो. आत उरलेल्या गोळ्याही दिल्या. जबाब मी दिला. डबा मीच वाचून तिच्या हाती परत दिला, हेही त्यात नमूद आहे. शीतलचे नाव मी घेतलेले नाही. ते तिच्या इच्छेवर आहे. तुझ्या दुकानात माणसे येतील, तेव्हा खरे बोल. त्याआधी स्वतः जाऊन बोललास, तर ज्या मुलाला मी वाढवले, तो अजून कोठेतरी आहे, असे मी समजेन.

आता रविवारचे. आपल्या घरात कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचे गहू काढताना प्रत्येक पुरुषाच्या नावाने एकेक मूठ धरतात. रोट भाऊबंदांबाहेर जात नाही. सासरी गेलेल्या मुलीलाही तो देत नाहीत. कानबाईचा रोट घरच्यांसाठी असतो, हे लहानपणी मीच तुला सांगितले होते. सुकलालच्या मागे तुझ्या नावाची मूठ दर वर्षी मीच धरत आलो. लग्न झाले असते, तर या वर्षापासून रोशनी रोटाला परकी झाली असती. गेल्या वर्षी शेवटचा म्हणून तिने तो हट्टाने दोनदा मागून घेतला होता.

आज गहू काढून झाले. मुठी तितक्याच आहेत, जितक्या गेल्या वर्षी होत्या. मुलीच्या नावाने मूठ धरत नाहीत, असे तुझी काकू एकदाच म्हणाली आणि मग तिनेच सूप पुढे केले. तुझ्या जागची मूठ मी रोशनीच्या नावाने धरली आहे.

रविवारी येऊ नकोस.

झुलाल चिंधा बोरसे

(आजवर प्रत्येक पत्राखाली ‘तुझा आबा’ असे लिहीत आलो.)