पहिल्या चेहऱ्यावर बोट

सानगडी

प्रिय साळेबुवा धम्मदीप यांस, भाऊजी तेजरामचा सप्रेम जय भीम.

इकडे सर्व ठीक, म्हणजे मी ठीक आहे आणि तुझी बहीण सुमन माझ्यावर रागावली आहे, हेही नेहमीप्रमाणेच. तुझ्या गुडघ्याला आराम असेल अशी आशा करतो. अड्याळच्या बाजारात माझ्याबद्दल कोणी काही सांगितलं असेल तर विश्वास ठेवू नकोस. खरी हकीकत मीच लिहितो.

आमची नात, प्रफुल्लची खुशबू, तुला ठाऊकच आहे. गेल्या वर्षीच्या रक्ततपासणीत तिला सिकलसेल निघाला. (त्या दिवशी मोठ्यांचीही तपासणी होती, पण मला नेमकं धानाच्या बांधीत पाणी पाहायला जायचं होतं.) परवा शाळेत नागपूरहून एक डॉक्टरबाई आल्या. मुलांच्या दुखण्यावर त्यांचं संशोधन चालू आहे. एका कार्डावर ओळीनं चेहरे काढलेले, पहिला हसरा, शेवटचा रडका. किती दुखतं ते मुलानं बोट ठेवून दाखवायचं. आता मी शाळा समितीचा अध्यक्ष. गावात पाहणी येते म्हणजे नंबर लागणार, हे मला काय कोणी सांगावं लागतं? मागे स्वच्छतेच्या स्पर्धेत एका तुंबलेल्या नालीपायी दिघोरीनं आपल्याला मागे टाकलं, ते मी विसरलेलो नाही. म्हणून आदल्या दिवशी पोरांना उभं करून मी तालीमच घेतली. बोट पहिल्या चेहऱ्यावर, आवाज खणखणीत!

तालमीत काही कसर नव्हती. पायाला गळू झालेला एक पोरगा लंगडत आला, हसऱ्या चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि लंगडत गेला. बाई चक्रावल्या. इथे कोणाला काही दुखतच नाही, तर उपचारासाठी नावं घ्यायची कोणाची, असं म्हणू लागल्या. मी छाती फुगवून उभा. तेवढ्यात खुशबूची पाळी आली. तिनंही हसऱ्यावरच बोट ठेवलं, पण ते बोट सुजलेलं होतं आणि डोळे भरून आले होते. बाईंनी हळूच विचारलं तर म्हणते, "आबानं सांगतलं, गावाची इज्जत आहे. मले रडाचं नाही."

बाईंनी मला (अध्यक्षाला!) बाहेर काढलं, दार लावलं आणि एकेका मुलाला पुन्हा विचारलं. खुशबूनं शेवटच्याच्या अलीकडचा चेहरा दाखवला. तिचे हातपाय असेच ठणकत असतात आणि मी समजत होतो, पोरगी शाळा चुकवते. खरं सांगतो धम्मदीप, मला फार वाईट वाटलं. आता तिचं नाव घेतलं आहे, मंगळवारी भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायचं आहे. एकंदरीत माझ्या तालमीमुळेच हे उघडकीस आलं, असं मी समितीत मांडणार आहे.

तुझा भाऊजी,
तेजराम

ता. क. हा आजार रक्ताच्या नात्यातून येतो, म्हणून मंगळवारी घरच्यांचंही रक्त घेणार आहेत. तूही भंडाऱ्याला ये, तुझीही तपासणी होऊन जाईल. मला काही सोबत लागते म्हणून नाही.

आणखी ता. क. खुशबूची अट आहे, आधी आबानं हात पुढे करायचा, मग ती करणार. आत्ताच तिनं हे पत्र वाचलं, पाटीवर ते चेहरे काढले आणि विचारलं, "आबा, सुई म्हटलं का तुहा कोणता?" मी पहिल्यावर बोट ठेवलं. तिनं माझं बोट धरून उचललं आणि शेवटच्यावर नेऊन ठेवलं. तर तू येच.